पोटावरचं घड्याळ

डोळे मिटा बरं. मिटले तर वाचणार कसं, असं म्हणू नका, मनातले मिटा. आता समजा, तुमचं घर एका घड्याळात आहे.

भिंतीवरच्या नव्हे, आणि मनगटावरच्या तर नव्हेच. बाजाराच्या चौकात एक उंच मनोरा आहे आणि त्या मनोऱ्याच्या कपाळावर एक भलंमोठं घड्याळ. त्याचा मिनिटकाटा चांगल्या धिप्पाड माणसाहून उंच. घड्याळाच्या बरोबर खाली, मनोऱ्याच्या पोटात, दोन खोल्या. एकीत चूल-भांडी आणि जेवणाचं टेबल, दुसरीत पलंग आणि कपाट. कोपऱ्यातून एक लाकडी जिना वर निघतो आणि थेट घड्याळाच्या खोलीत शिरतो. तिथे दातेरी चक्रं एकमेकांना ढकलत असतात, लंबक आपल्याच तंद्रीत झुलत असतो, आणि समोर भिंतीच्या जागी दुधी काचेची गोल तबकडी असते. दिवसा तिच्यातून ऊन झिरपतं आणि काट्यांच्या सावल्या काचेवरून सरकताना दिसतात. सगळं गाव ते घड्याळ बाहेरून बघतं. तुम्ही मात्र ते आतून बघता.

झालं? उघडा आता डोळे. तुम्ही मिनिटभर जिथे राहून आलात, तिथेच टिकू राहत होती.

टिकूचं खरं नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. घड्याळात वाढलेल्या पोरीला टिकू नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तिची आई घड्याळाची राखणदार. रोज सकाळी मोठी लोखंडी किल्ली फिरवून ती वजनं वर चढवायची, चक्रांना तेल द्यायची, काचेवरची कबुतरांची घाण पुसायची. आईच्या आधी हे काम आबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं. टिकू रांगायला लागली तेव्हा आबा तिला चक्रांपासून लांब, काचेसमोर एका जुन्या रजईवर सोडायचे. सरकत्या सावल्या पकडायला जाता जाताच ती वेळ बघायला शिकली.

आता आबा वर जात नव्हते. आयुष्यभर त्या जिन्याने त्यांना झेललं आणि शेवटची पायरी उतरून झाल्यावर सपाट जमिनीने दगा दिला. पाय घसरला, हाड मोडलं, प्लास्टर आलं. प्लास्टर निघालं तोवर पायातली ताकद गेली होती. आणि पायाबरोबर, कुणी विचारलं नव्हतं तरी, पोटानेही संप पुकारला होता.

"पोटात दगड बसलाय," आबा म्हणायचे. दोन घास खाल्ले की ताटली सरकवायचे. "दगडावर आणखी दगड कशाला रचतेस, पोरी?"

डॉक्टरांनी तपासलं. "भिण्यासारखं काही नाही," ते आईला म्हणाले, "पडून राहून आतडी आळसावलीत. पाणी भरपूर द्या, फळं द्या, थोडं उठवा-बसवा. आणि खाल्लं पाहिजे. खाल्लं नाही तर पायात जोर येणार कुठून?"

पण आबा खात नव्हते, म्हणून उठवत नव्हतं. आणि उठत नव्हते, म्हणून भूक लागत नव्हती. एक चक्र अडलं की पुढचं अडतं, हे टिकूला कुणी समजावून सांगायला नको होतं.

त्यातच मामाचा फोन आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, लांबच्या मोठ्या शहरात राहणारा. आईने फोन टेबलावर ठेवला होता, त्यामुळे टिकूला सगळं ऐकू आलं.

"ताई, तू वर किल्ली फिरवणार की खाली बाबांना बघणार? माझ्याकडे लिफ्ट आहे, दिवसभर माणूस ठेवतो. मी महिनाअखेरीला येतो आणि त्यांना घेऊन जातो."

"अरे, तोवर जेवायला लागले तर? पायावर उभे राहिले तर?"

मामा "तर बघू," म्हणाला.

आबांनी पलंगावरून हे ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "मनोऱ्याबाहेर मला झोप लागत नाही," ते भिंतीला म्हणाले. "टिकटिक नसली की कानाला भोक पडल्यासारखं वाटतं."

टिकूच्या मनात प्रश्नच प्रश्न. आबा गेले तर शाळेतून आल्यावर दप्तर कुणाच्या पायाशी टाकायचं? चक्रातला दात झिजला की आवाज कसा बदलतो, हे कोण शिकवणार? पण मामा "तर बघू" म्हणाला होता. तेवढे दोन शब्द टिकूने पतंगाच्या दोरीसारखे घट्ट धरून ठेवले.

आबांच्या पायाचा व्यायाम करून घ्यायला दवाखान्यातून एक बाई यायच्या. टिकू त्यांना व्यायाममावशी म्हणायची. आबा, त्यांच्या पाठीमागे, फौजदारबाई म्हणायचे. बाई बुटक्या होत्या आणि आवाज मात्र मनोऱ्याच्या घंटेला उत्तर देईल असा.

"आजोबा, गुडघा वाकवा! आणखी! आज जेवलात किती?"

"भरपूर."

"दोन चमचे," टिकूने चुगली केली.

"घरभेदी," आबा पुटपुटले.

मावशींनी त्यांचा पाय खाली ठेवला. "पोट चालत नाही ना? मग थोडं हाताने समजवायचं. शरीरावर काही जागा असतात, तिथे बोटाने दाबलं की पुष्कळ जणांच्या पोटाला बरं वाटतं. औषध नव्हे हो, औषधाच्या जोडीला. कुणी करून द्यायलाही नको, आपलं आपल्याला जमतं. दाखवा पोट."

आबांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "पोटाला हात लावायचा नाही. पाय दिलाय, तेवढ्यावर भागवा."

"बरं, पोट ठेवा तिजोरीत," मावशी हसल्या आणि टिकूकडे वळल्या. "तू ये गं. तू शिक. हे पाहतील आणि लाजेकाजेने करतील."

मग त्यांनी टिकूला समोर बसवलं आणि तिचीच बोटं धरून जागा दाखवल्या. पहिली मनगटावर. मनगटाच्या घडीवर आडवी तीन बोटं ठेवायची. ती संपतात तिथे, दोन शिरांसारख्या दोऱ्या लागतात त्यांच्यामध्ये. मळमळत असेल तर ही. दुसरी हातावर, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या मांसल उंचवट्यात. तिसरी पायावर, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं सोडून, नडगीच्या हाडाच्या जरा बाहेर.

"ही फार जुनी जागा," मावशी म्हणाल्या. "पूर्वी लांब चालणारे वाटसरू थकले की रस्त्याकडेला बसून इथे दाबायचे आणि आणखी पुढे जायचे, असं म्हणतात. पोटालाही चालते, पायालाही."

"किती जोरात दाबायचं?"

"गोड दुखेल इतकं. गोड दुखणं कळतं ना? बरं वाटतं पण 'आई गं' म्हणावंसं वाटतं, तसं. डोळ्यांत पाणी आलं तर जास्त झालं. सावकाश श्वास घेत राहायचं आणि मग दुसऱ्या बाजूला."

"सगळ्यांना चालतं?"

"शहाणी आहेस, विचारलंस. एखादीच्या पोटात बाळ असेल तर या जागा आपल्या मनाने दाबायच्या नाहीत. जेवल्याबरोबर पोट चोळायचं नाही. आणि पोटात कळ येऊन माणूस वाकडा होत असेल, ताप असेल, उलट्या थांबत नसतील, तर बोटं आवरायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. कळलं?" त्यांनी पिशवी खांद्याला लावली. त्यांना पुढच्या घरी उशीर होत होता. दारातून वळून म्हणाल्या, "आणि शेवटी तळहात पोटावर ठेवून गोल गोल फिरवायचा, बेंबीभोवती. घड्याळाच्या काट्यासारखा, बरं का. तुम्हाला घड्याळ काय सांगायचं म्हणा!"

आणि त्या खडखडत खालचा जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून टिकूने सकाळी शाळेआधी आबांच्या शेजारी चटई टाकली. आबांना काही बोलली नाही. आपली आपण उताणी पडली आणि मोठ्याने बडबडायला लागली.

"आता मनगट. तीन बोटं... हां, सापडल्या दोऱ्या. आता अंगठ्याजवळ. आई गं! गोड आहे, गोड आहे."

"काय बडबडतेस?" आबा.

"माझं पोट दुखतंय."

"खोटारडी."

"आता गुडघ्याखाली. आबा, मावशींचे ते वाटसरू बसलेत बघा रस्त्याकडेला."

आबांनी तोंड फिरवलं. पण थोड्या वेळाने टिकूने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर पांघरुणाखाली काहीतरी हलत होतं. मांजर शिरल्यासारखा एक उंचवटा आबांच्या पोटावरून सावकाश गोल फिरत होता. टिकूने जीभ दाताखाली धरली. बोललं असतं तर मांजर पळालं असतं.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिनेही पाहिलं. पदराने कपाळ पुसलं आणि परत आत गेली.

चार-सहा दिवस हे असं चाललं. आबांची मळमळ कमी झाली. एकदा त्यांनी असा खणखणीत ढेकर दिला की खिडकीतलं कबुतर उडालं. पण दगड काही हलेना. उलट चोळून झालं की पोट जास्तच तडस लागल्यासारखं व्हायचं, आतला वारा कुठेतरी कोंडून बसायचा. एका सकाळी आबांनी पांघरुणातला हात बाहेर काढला आणि पलंगावर आपटला.

"पुरे झालं हे डॉक्टरकीचं खूळ! माझं चक्र झिजलंय, टिकू. झिजलेल्या चक्राला तेल लावून काय होणार?"

टिकू उठून बसली. आबांच्या तोंडून तिने कुठल्याच चक्राबद्दल असं कधी ऐकलं नव्हतं. झिजलं तर घासू, घासून नाही झालं तर नवा दात बसवू, हे त्यांचं बोलणं. ती चटई गुंडाळू लागली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आज तिचं पोट खरंच दुखतंय.

त्याच दिवशी व्यायाममावशी आल्या. टिकूची सुट्टी होती. आबा डोळे मिटून पडले होते, झोपेचं सोंग घेऊन. मावशींनी टिकूचा चेहरा पाहिला. "काय गं, तुझं इंजिन का बंद?"

"तुम्ही सांगितलं ते सगळं केलं मावशी, रोज केलं. काही होत नाही. आता माझंच पोट दुखतंय."

"बघू. झोप आणि करून दाखव."

टिकूने करून दाखवलं. मनगट, हात, गुडघा. मावशी मान हलवत होत्या, छान, छान. मग टिकूने पोटावर तळहात ठेवला आणि फिरवू लागली. बरगड्यांखालून उजवीकडे, उजवीकडून खाली, मग डावीकडून वर.

"अगं, थांब! हे काय? उलटं!"

"उलटं कुठे? घड्याळाच्या काट्यासारखं."

"घड्याळाचे काटे असे फिरतात?"

"हो," टिकू म्हणाली. "आमचे असेच फिरतात."

मावशींनी टिकूचा हात धरून थांबवला. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "ताई, जरा या हो. डाव राहू दे हातात. या टेबलावर बोटाने मला घड्याळाचा काटा फिरवून दाखवा. विचार करू नका, फिरवा."

आईने ओलं बोट टेबलावर टेकवलं आणि फिरवलं. टेबलावर पाण्याचं वर्तुळ उमटलं. उलटं.

"अगं बाई!" आई स्वतःच्याच बोटाकडे बघत राहिली.

तेवढ्यात पलंगावरून एक विचित्र आवाज आला. आधी सगळ्यांना वाटलं, आबांना खोकला लागला. पण आबा हसत होते. पांघरूण बाजूला पडलं होतं, आणि त्यांचा हात अजून पोटावर, फिरता फिरता मध्येच थांबलेला.

"आतून!" त्यांना बोलता येईना. "आम्ही... आम्ही सगळे आतून बघतो, बाई! काच आतून बघायची, तर काटे उलटेच पळणार. आयुष्य गेलं माझं त्या काचेमागे. डोक्याला सगळं माहीत आहे हो, पण हात ऐकतो का डोक्याचं?"

मावशी खुर्चीत बसल्या आणि पोट धरून हसल्या. "अहो आजोबा, इतक्या वर्षांत इतक्या लोकांना शिकवलं, ही चूक कुणी केली नाही. चूक माझीच. घड्याळवाल्यांच्या घरात येऊन घड्याळाचा दाखला दिला!"

मग त्यांनी टिकूला जवळ घेऊन तिच्या पोटावर बोटाने रस्ता आखून दाखवला. "हे बघ. मोठं आतडं इथे सुरू होतं, उजवीकडे खाली. तिथून वर चढतं, बरगड्यांपर्यंत. मग आडवं जातं डावीकडे. आणि डावीकडून खाली उतरतं. अन्न याच वाटेने पुढे जातं. आपला हातही त्याच वाटेने न्यायचा. तुम्ही रोज त्याला उलटं ढकलत होता."

"म्हणजे जिन्यासारखं," टिकू म्हणाली. "एका जिन्याने वर, मग गच्चीवरून चालत जायचं, मग दुसऱ्या जिन्याने खाली."

"वा! मी आता सगळ्यांना हेच सांगणार. घड्याळ रद्द."

"आबा, कळलं का?" टिकूने विचारलं. "उजव्या जिन्याने वर."

"कळलं, फौजदारीणबाई धाकट्या," आबा म्हणाले. आणि पहिल्यांदाच, पांघरूण न ओढता, सगळ्यांसमोर त्यांनी पोटावर हात ठेवला.

जादू झाली नाही. जादूच्या गोष्टी वेगळ्या. आबांना सकाळी उठून कोमट पाणी प्यावं लागलं, ओरडा खात गुडघा वाकवावा लागला, आईने चिरून ठेवलेली पपई गिळावी लागली. आणि हात मधूनच उलटा जायचा, मग टिकू ओरडायची, "आबा, जिना चुकला!" पण दोन दिवसांनी सकाळी, सगळे शांतपणे चहा पीत असताना, पलंगाच्या बाजूने एक लांबलचक, गंभीर आवाज आला.

टिकूने कप खाली ठेवला. "आबा! टोल पडला!"

"वेळेच्या आधी पडला," आबा मोठ्या अभिमानाने म्हणाले, "पण पडला तर खरा. धरा मला कुणीतरी, संडासात पोचायचंय. बाजूला व्हा, बाजूला व्हा!"

त्या दिवशी त्यांनी अर्धी ताटली संपवली. दुसऱ्या दिवशी खाटेच्या कडेला बसून, पाय सोडून जेवले. तिसऱ्या दिवशी आईला धरून उभे राहिले आणि वर जाणाऱ्या जिन्याकडे बराच वेळ बघत राहिले. टिकू मनातल्या मनात "तर बघू, तर बघू" घोकत होती, आणि तेवढ्यात महिनाअखेर आली.

मामा आला तो दार भरून आला. उंच, दमलेला, हातात गाडीची किल्ली. त्याने आबांच्या पायांना हात लावला आणि आबा म्हणाले, "आलास?" मामा म्हणाला, "आलो." मग दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचेना. नेहमी असंच व्हायचं. फार पूर्वी मामाने घड्याळाची किल्ली घ्यायला नको म्हटलं होतं आणि शहराची वाट धरली होती. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. फक्त तेव्हापासून बापलेकांचं बोलणं आखडलं होतं.

आईने मऊ भात आणि भाजीचं सूप पुढे आणलं. टिकूने आबांकडे डोळे लावले. खा, आबा. मामा बघतोय. खा.

आबांनी चमचा उचलला. तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. "नको," म्हणाले. "आज जात नाही घशाखाली."

"आबा, काल तर तुम्ही सगळं—"

"नको म्हटलं ना, टिकू."

मामाने आईकडे पाहिलं. "ताई, बघतेस ना? फोनवर तू म्हणालीस, खायला लागलेत."

"खात होते रे. खरंच खात होते."

"माझ्याकडे नीट लक्ष देता येईल. हट्ट नको." त्याने आवाज हळू केला. "बॅग भर."

आईने बॅग भरली. धुतलेले सदरे, चष्म्याची पेटी, आणि सगळ्यात वर, कागदात गुंडाळून, आबांच्या चपला. गाडीपर्यंत त्यांना उचलूनच न्यायचं होतं, चपला लागणार नव्हत्या. आबा तबकडीखालच्या छताकडे बघत होते. वर लंबक चालला होता, टिक आणि टक.

टिकूला रडू फुटणार होतं. पण तेवढ्यात तिला दिसलं की मामा एका हाताने बरगड्यांखाली दाबून उभा आहे आणि दुसऱ्या हाताने खिशातून गोळ्यांची पट्टी काढतोय.

"मामा, तुझं पण पोट?"

"काही नाही गं. जळजळतं, फुगतं. अवेळी खाणं, गाडीतलं बसणं. रोजचंच आहे."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, सावकाश खा आणि काळजी कमी कर." मामा कोरडं हसला. "चिठ्ठी लिहून देतात, काळजी कमी कोण करून देणार?"

"झोप इथे."

"कुठे?"

"आबांच्या शेजारी. माझ्या चटईवर. बूट काढ आधी."

"अगं भाचेबाई, आम्हाला निघायचंय—"

"झोप रे," आई दारातून म्हणाली. "पोर एवढं म्हणतेय तर."

मामा झोपला. चटईबाहेर त्याचे पाय कितीतरी लांब गेले. पलंगावर आबा, खाली मामा. एकाचं नाक दुसऱ्याने उचलून लावल्यासारखं. टिकूने त्याचं मनगट हातात घेतलं, तीन बोटं मोजली, त्याचाच अंगठा नेमक्या जागी ठेवला. "दाब. गोड दुखेल इतकं. श्वास सावकाश." मग अंगठ्याजवळ. मग गुडघ्याखाली. मामाचे खांदे हळूहळू जमिनीला टेकले.

"आता पोटावर तळहात ठेव आणि फिरव," टिकू म्हणाली, आणि गडबडीत तिच्या तोंडून जुनंच निघून गेलं, "घड्याळाच्या काट्यासारखा."

मामाने डोळे मिटले आणि हात फिरवला. बरगड्यांखालून उजवीकडे. उजवीकडून खाली. डावीकडून वर.

आईच्या हातातला डाव थांबला. पलंगावर आबा कोपरावर उठून बसले आणि वाकून खाली बघू लागले. मामाचा हात फिरत होता, शांतपणे, ठाम, उलटा.

"काय झालं?" मामाने डोळे उघडले. "असे काय बघताय सगळे?"

"बाहेरच्या कुठल्याही माणसाला विचार," आबा म्हणाले, "काटा कसा फिरतो म्हणून."

मामाने हाताकडे पाहिलं. एकदा छताकडे पाहिलं. मग त्याला उमगलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची वर्षं, धूळ झटकावी तशी, झटकली गेली.

"वरच्या काचेसमोर झोपायचो मी," तो हळूच म्हणाला. "त्या रजईवर. मला वाटलं होतं, मी ते सगळं कधीच विसरलो."

"तू विसरला असशील. हात घरचाच आहे अजून."

मग मामा, तसाच झोपलेला, छताकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं, माझ्याकडे यायचं नाव काढलं की तुमचं पोट बिघडतं. मी नको असतो म्हणून."

"अरे वेड्या!" आबांनी पलंगावरून हात खाली सोडला. तो मामाच्या डोक्यावर जाऊन टेकला. "तू कसा नको असशील? तुझ्या घरात टिकटिक नाही, एवढंच. आणि इथून उचलून नेलं की परत जिना चढायला मिळणार नाही, ही धास्ती. तीच बसते पोटात येऊन."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

"दोघं सारखेच," आई म्हणाली आणि डोळे पुसत पुसत हसली. "एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं."

आणि त्या वेळी आबांच्या पोटातून एक आवाज निघाला. आधी बारीक, मग मोठा, मग दुकानाचं लोखंडी दार सरकवावं तसा गडगडत.

"बाजार उघडला," आबा म्हणाले. "पोरी, तो भात गेला की आहे?"

भात होता. आबांनी खाल्ला, सूप प्यायले आणि मामाच्या ताटलीतला बटाटाही उचलला. मामा सावकाश जेवला, कारण टिकू समोर बसून त्याचे घास चावून होतायत की नाही ते बघत होती.

जेवण झाल्यावर मामाने गाडीची किल्ली खिशातून काढली, जरा वेळ हातात खेळवली आणि परत खिशात ठेवली. "बाबा इथेच राहू देत, ताई," तो म्हणाला. "मी येत जाईन. नुसता फोन नाही, येत जाईन. व्यायामवाल्या बाईंना जास्त वेळा बोलावू, तू वर असशील तेव्हा खाली कुणीतरी हवंच, ते मी बघतो."

"आणि हा जिना चढलो," आबा म्हणाले, "की तुझ्याकडे पाहुणा येतो. पण एक घड्याळ घेऊन ठेव. आवाज करणारं."

"ठेवतो," मामा म्हणाला. "काटे कुठल्या बाजूने फिरणारे?"

"गप रे!"

सगळे हसत होते तेव्हा टिकू गुपचूप उठली. दाराजवळच्या बॅगेची चेन तिने उघडली, कागदातून आबांच्या चपला काढल्या, आणि कोपऱ्यातल्या लाकडी जिन्यापाशी नेऊन पहिल्या पायरीशी, वर तोंड करून, शेजारी शेजारी ठेवल्या.